रक्ताची साक्ष

आमच्या कल्याणात सकाळी साडेसातला खरी गर्दी दोनच ठिकाणी असते. एक स्टेशनवर आणि दुसरी रक्त तपासायच्या लॅबमध्ये. स्टेशनवरच्या गर्दीत कोणी कोणाकडे पाहत नाही; लॅबमधल्या गर्दीला मात्र पाहण्याखेरीज दुसरे कामच नसते. सगळे उपाशी, सगळ्यांच्या हातात चिठ्ठी, आणि जो तो शेजाऱ्याला काय झाले असावे याचा अंदाज बांधत बसलेला. साखरवाला साखरवाल्याला लांबून ओळखतो, थायरॉइडवाली थायरॉइडवालीला जागा करून देते. अशा या मंडळींत मी एका सकाळी बसलो होतो, आणि काउंटरमागच्या मुलीने भाजीचा भाव पुकारावा तशा स्वरात विचारले, "टेस्टोस्टेरॉन कोणाचंय?"

कोणी उठले नाही. मीही उठलो नाही. समोरच्या बाकावर माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या सासऱ्यांना घेऊन बसली होती आणि नुकताच तिने मला वाकून नमस्कार केला होता. मी भिंतीवरचे मूत्रपिंडाचे चित्र बारकाईने पाहू लागलो. "टेस्टोस्टेरॉन, वय ४६!" मुलीने दुसऱ्यांदा पुकारा केला. तिसऱ्यांदा तिने माझे नाव घेतले, आडनावासकट, आणि मी उठलो. काउंटरपर्यंतची ती दहा पावले मला दुर्गाडीचा चढ चढल्यासारखी वाटली.

गंमत अशी, की त्याच महिन्यात मी वर्गात र. धों. कर्व्यांवर दोन तास बोललो होतो. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारा, त्या प्रचारापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावणारा, १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवणारा हा माणूस. वाचक शरीराविषयी विचारायचे ते विचारत आणि कर्वे लाजेकाजेवाचून उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, खटला हरला, दंड झाला आणि मासिक चालूच राहिले. हे सांगताना माझा आवाज चढला होता. मुले भारावली होती. आणि तोच मी एका नळीभर रक्ताचे नाव ऐकून मूत्रपिंडाच्या चित्रामागे लपू पाहत होतो!

प्रकरण सुरू झाले ते त्याच्या आधीच्या वर्षी. उत्तरपत्रिका तपासताना मला डुलकी लागू लागली. उत्तरपत्रिका तपासताना कोणालाही झोप येते, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. पण मग कविता शिकवताना कंटाळा येऊ लागला. पोट पुढे आले, दंड उतरले, आणि पूर्वी दोन दोन पायऱ्या गाळून चढायचा तो स्टेशनचा पूल मी कठड्याला धरून चढू लागलो. घरातले सांगायचे तर, दिवा मालवला की मी कुशीवर वळून झोपत असे. सौ.ने बरेच दिवस काही विचारले नाही. एकदा फक्त म्हणाली, "माझं काही चुकलंय का?" त्यावर मी "छे, छे, कॉलेजात काम फार आहे," म्हटले. वीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी इतके खोटे आणि इतके हलक्या आवाजात कधी बोललो नव्हतो.

उपाय सुचवणारे पुष्कळ असतात. माझे कॉलेज ठाण्याला. लोकलच्या डब्यात बाबा-बुवांची आणि 'गुप्त समस्यां'ची चिकटपत्रे असतात, ती आजवर मी शुद्धलेखनाच्या चुका काढण्यासाठी वाचत आलो होतो. अशा जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४ पासून देशात आहे. पण कायदा डब्यात चढत नसावा. त्या दिवसांत मी ती चिकटपत्रे चुका न काढता वाचू लागलो, आणि एकदा तर एका चिकटपत्रावरचा फोन नंबर पाठ झाल्याचे ध्यानात येऊन मीच चपापलो. मग घराजवळच्या एका जिममध्ये नाव घातले. तिथला मास्तर पंचविशीतला पोरगा. आठ दिवस माझी दशा पाहून तो म्हणाला, "सर, तुमचा टी डाउन आहे. एक कोर्स मारा. आठवड्याला एक इंजेक्शन. मी आणून देतो."

"काही तपासावं लागतं का आधी?" मी विचारले.

"तपासायचं काय त्यात? बॉडी सांगते की!"

मी ते इंजेक्शन घेतले असते. खोटे कशाला सांगू? ते घेतले नाही याचे कारण माझा विवेक नव्हे. आमच्याच आळीतला एक मुलगा या जिमच्या रस्त्याने गेला होता, छाती कशी दाराएवढी झाली होती; आणि आता लग्नाला तीन वर्षे होऊनही घरात पाळणा हलत नव्हता म्हणून त्याची आई माझ्या सौ.पाशी रडून गेली होती. बाहेरून हे द्रव्य शरीरात आले की शरीर आपला कारखाना बंद करते आणि त्याबरोबर शुक्रबीजांची पैदासही थांबत जाते, हे त्या पोराला कोणी सांगितले नव्हते. सांगणाऱ्याला तरी कुठे ठाऊक होते?

म्हणून मी स्वतःच्या हुशारीने एक पाऊल टाकले. एका लॅबच्या स्वस्त 'पॅकेज'मध्ये ही तपासणीही होती. परीक्षेचे काम आटोपून, मिसळ खाऊन, दुपारी दोनला मी रक्त देऊन आलो. आकडा आला २१४. तो कागद खिशात घालून ठाण्याच्या एका हार्मोनतज्ज्ञाकडे वेळ घेतली. पाटीवर आद्याक्षरे होती, त्यामुळे आत गेल्यावर खुर्चीत एक पस्तिशीची बाई पाहून माझ्या तोंडाला कुलूप लागले. आनंदीबाई जोशी याच कल्याणच्या. १८८३ साली अमेरिकेला जाण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केले, त्यात बायकांना पुरुष डॉक्टरपुढे संकोच वाटतो म्हणून बाईने डॉक्टर व्हायला हवे, असे सांगितले होते. पुरुषाला बाईपुढे संकोच वाटला तर काय करावे, हे त्यांना सांगावे लागले नव्हते. मी नुसता कागद पुढे सरकवला.

बाईंनी आकडा पाहिलाच नाही. वरच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. "दुपारी दोन दहा. जेवून गेला होतात, सर?"

"मिसळ."

"मग हा रिपोर्ट आपण मिसळीचा समजू," म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला.

हे द्रव्य रक्तात पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवस चढेल तसे उतरते. खाल्ल्यावरही उतरते. आजारपणात, जागरणात उतरते. म्हणून सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि एकदा नव्हे तर वेगवेगळ्या दोन दिवशी रक्त द्यायचे. दोन्ही वेळा कमी भरले आणि माणसाला तक्रारही असली, तरच पुढचे बोलायचे. केसांच्या गोळ्या घेता का, असेही त्यांनी विचारले. माझ्या टकलाकडे पाहून हा प्रश्न करायला धैर्य हवे. पण त्या गोळ्यांतले बायोटिन काही तपासण्यांचे आकडे खोटे दाखवते, असे त्यांनी सांगितले. मी गोळ्या घेत होतो. सौ.लाही ते माहीत नव्हते.

मग त्यांनी चिठ्ठीवर बरेच काही लिहिले. एवढे कशाला, असे माझ्या चेहऱ्यावर उमटले असावे. त्यांनी समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ते विद्यापीठ. तिथून एल्‌एच आणि एफ्‌एस्‌एच ही परिपत्रके निघतात आणि त्याबरहुकूम खाली कॉलेजात काम होते. काम होत नसेल तर आधी परिपत्रक आले होते का ते पाहायचे. परिपत्रकांचा पाऊस पडूनही काम नसेल, तर दोष कॉलेजात. परिपत्रकच क्षीण असेल, तर विद्यापीठात शोधायचे. तिथे एखादी गाठ तर नाही ना, म्हणून प्रोलॅक्टिन. थायरॉइड आणि साखर, कारण त्यांच्या दुखण्यातही माणूस असाच मरगळतो. प्रोस्टेटसाठी पीएसए, कारण तिथे कर्करोग दडला असेल तर हे औषध द्यायचे नसते. आणि हिमॅटोक्रिट. त्याचे कारण मी तेव्हा नीट ऐकले नाही.

"घोरता का?" उठता उठता त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो.

त्या दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत मी या द्रव्याचा इतिहास वाचून काढला. मास्तरचा स्वभाव! १८४९ साली गॉटिंगेनच्या बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकाने कोंबड्यांचे वृषण काढले. त्यांचे तुरे वाळले, आरवणे थांबले. मग काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवले तर तुरा परत लाल झाला आणि कोंबडा आरवू लागला. चाळीस वर्षांनी, १८८९ साली, पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या ब्राऊन-सेकार या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि विद्वानांच्या सभेत सांगितले, की मी तरुण झालो, जिने चढतो, रात्री उशिरापर्यंत काम करतो. जगभर त्या अर्काची लाट उसळली. पुढे कळले की पाण्यात केलेल्या त्या अर्कात हे द्रव्य जवळजवळ उतरतच नव्हते. म्हातारबुवा खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच बरे वाटले होते.

१९३१ साली बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञाने या जातीचे पहिले द्रव्य वेगळे काढले ते बर्लिनच्या पोलिसांच्या १५,००० लिटर मुतापासून, आणि हाती आले १५ मिलिग्रॅम! टेस्टोस्टेरॉन सापडले आणि प्रयोगशाळेत तयारही झाले १९३५ मध्ये. पण माणसाच्या रक्तात ते मोजायचे कसे? माझ्यासारख्याच्या एका मिलिलिटर रक्तात ते दोन-तीन नॅनोग्रॅम असते. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले दोन-तीन भाग. तोवर जोर पाहायला कोंबड्याचा तुराच लागे. १९५० चे दशक सरत असताना न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलोबाईंनी आणि बर्सन यांनी किरणोत्सर्गी कणांच्या मदतीने रक्तातले इन्सुलिन मोजून दाखवले. पुढे त्याच वाटेने इतर हार्मोनेही मोजता आली. यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल मिळाले. म्हणजे लॅबमधली ती मुलगी जे नाव पुकारत होती, त्यामागे सव्वाशे वर्षांचा खटाटोप होता. मला मात्र त्या सकाळी फक्त माझी विद्यार्थिनी दिसत होती.

दोन्ही सकाळचे आकडे आले: २४७ आणि २३९. सडपातळ, निरोगी तरुण पुरुषांत साधारण २६४ ते ९१६ असतात. परिपत्रक क्षीण, प्रोलॅक्टिन ठीक, थायरॉइड ठीक, साखर काठावर. दुसऱ्या भेटीत सौ. बरोबर होती. बाईंनी पहिला प्रश्न तिला केला, "आणखी मूल हवंय का?" आमची मुलगी बारावीला! मी हसलो. बाई हसल्या नाहीत, उत्तरासाठी थांबल्या, आणि सौ.ने क्षणभर थांबून "नाही" म्हटले. त्या क्षणात काय होते ते मी तिला अजून विचारलेले नाही.

लगेच औषध मिळाले नाही. पोट कमी करा, चाला, झोप सुधारा. चरबी उतरली तर आकडा आपोआप वर येतो, असे सांगून तीन महिने दिले. तीन किलो उतरले. आकडा २५२. मग इंजेक्शने सुरू झाली, दर तीन आठवड्यांनी एक, तेलातले. तीन महिन्यांनी रक्त तपासायचे असे चिठ्ठीवर खाली दोन रेघा ओढून लिहिले होते.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहायला मला अजून हुरूप येतो. दीड महिन्यात पूल एका दमात चढू लागलो. वर्गात कविता म्हणताना पूर्वीसारखा काटा येऊ लागला. घरात सौ. गुणगुणू लागली, यापलीकडे लिहीत नाही. रिक्षावाल्याशी भांडलो, तेही मला तब्येतीचे लक्षण वाटले. तोंड लालबुंद दिसे. शेजारचे काका म्हणाले, "सर, चेहऱ्यावर तेज आलंय." तेज! मराठीत या शब्दाइतका फसवा शब्द नसेल. दुपारी डोके जड होई, त्याला मी ऊन म्हणत असे. तीन महिन्यांची तपासणी आली तेव्हा कॉलेजात नॅकची समिती यायची होती. गेलो नाही. खरे तर समिती गेल्यावरही गेलो नाही. इतके बरे वाटत असताना उपाशी राहून सुई कशाला टोचून घ्यायची? रक्ताला विचारायचे ते दुखत असताना, असे मला वाटत होते.

सातव्या महिन्यात सौ.ने गजर लावला आणि मला हाताला धरून लॅबमध्ये नेले. टेस्टोस्टेरॉन ८८०, नको तेवढे वर. पीएसए जागच्या जागी. हिमॅटोक्रिट ५५.२.

"हे ५४ च्या वर गेलं की आम्ही थांबतो," बाई म्हणाल्या. "पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही."

"पण डॉक्टर, मला तर इतकं बरं वाटतंय!"

"वाटतंय ते खरंच आहे, सर. रक्त मात्र घट्ट झालंय."

हिमॅटोक्रिट म्हणजे रक्ताच्या शंभर भागांत तांबड्या पेशींचे भाग किती; वरणात डाळ किती आणि पाणी किती, तसे. हे औषध यकृतातल्या हेप्सिडिनला दाबते, त्यामुळे साठलेले लोह मोकळे होते आणि हाडांतला मगज जोमाने पेशी करू लागतो. माझे सुरुवातीला ४६ होते. सात महिन्यांत वरणाचे पिठले झाले होते. असे रक्त वाहायला जड, आणि गुठळी होऊन कुठे अडकेल त्याचा नेम नाही. मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली आला, त्यात नीट देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके काही वाढले नाहीत, पण फुप्फुसातल्या गुठळ्या थोड्या जास्त दिसल्या, हेही त्यांनी सांगितले. माझ्या रक्तावर देखरेख चार महिने नव्हती. ती मीच ठेवू दिली नव्हती.

मग त्यांनी जुना कागद उलटून पुन्हा विचारले, "घोरता का?"

मी तोंड उघडण्याआधी सौ. म्हणाली, "घोरतात? अहो, खालच्या मजल्यावरचे लोक गावाहून आलात का म्हणून विचारतात, चार दिवस आवाज नाही आला तर! आणि मधेच श्वास थांबतो. मी हलवते तेव्हा सुरू होतो. कित्येक वर्षं मी हलवतेय."

कागदावर पहिल्या भेटीच्या तारखेखाली लिहिलेले मला उलटे वाचता आले: 'घोरणे – नाही.' झोपेत घसा बंद होऊन प्राणवायू उतरला की शरीर त्यानेही रक्त दाट करते, आणि त्या दुखण्याकडे लक्ष न देता हे औषध दिले तर दुखणे वाढू शकते. घोरणाऱ्याला आपले घोरणे ऐकू येत नाही, हे खरे. पण मला सौ.ने अनेकदा सांगितलेले होते. मी "नाही" म्हणालो तो अज्ञानाने नव्हे. आधीच त्या बाईपुढे इतके उघडे पडल्यावर घोरणे तेवढे पदरात झाकून ठेवावे, असे मला वाटले होते. आणि दिवा मालवल्यावर कुशीवर वळून मी झोपत होतो तेव्हा ती जागी राहून माझा श्वास मोजत होती!

झोपेची तपासणी झाली. ताशी ३१ वेळा श्वास अडकत होता. तोंडावर मुखवटा लावून हवा सोडणारे यंत्र घरी आले. पहिल्या रात्री मुलगी पाहून म्हणाली, "बाबा, फायटर पायलट!" औषध बंद झाल्यावरचे महिने वाईट गेले. आतला कारखाना बंद पडलेला आणि बाहेरचा माल थांबलेला. पुन्हा तो कठडा, पुन्हा त्या डुलक्या. पण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणजे दाट रक्त पातळ व्हायला तेवढे थांबणे आलेच. चौथ्या महिन्यात ४८ भरले. त्यानंतर इंजेक्शनाऐवजी जेल सुरू झाले, कमी मात्रेत. सकाळी खांद्याला चोळायचे, हात साबणाने धुवायचे, कोणाला अंगाला लागू द्यायचे नाही. आता पूल मी एका दमात चढत नाही, मध्ये एकदा थांबतो. सौ. कधी गुणगुणते, कधी नाही.

दर खेपेला लॅबमध्ये मी वेळेवर हजर असतो. जेल लावून दोन-तीन तासांनी रक्त द्यायचे असते, म्हणून गजर सहाला. परवा, दिवाळीच्या चकल्यांचा वास घरभर सुटलेला असताना, तसाच उपाशी निघालो. काउंटरवर नवी मुलगी होती. तिने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिले आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले, "सर, ती... ती दुसरी टेस्ट पण तुमचीच ना?"

"टेस्टोस्टेरॉन ना? माझीच," मी वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो. बाकावरच्या तीन-चार माना वर झाल्या.

रक्त देऊन जिना उतरत होतो तर मागून एक गृहस्थ भराभर आले. माझ्याच वयाचे, हातात बँकेची पिशवी. दोन पायऱ्या माझ्याबरोबर नुसतेच उतरले. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "साहेब, ते तुम्ही मघाशी म्हणालात ते... ते केव्हाही येऊन करता येतं का?"

"पहिल्यांदा करताय?"

त्यांनी मान हलवली.

"मग सकाळी या. उपाशीपोटी," मी म्हटले. "आणि येताना वहिनींना बरोबर आणा."